एका ओळीपुरता अधिकार

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी नुकताच रुळलो होतो. आमच्या ऑफिसातले जुने राउटर आणि स्विच दिवसभरात काय घडलं याच्या नोंदी, म्हणजे लॉग, पाठवत असायचे. कोण जोडलं गेलं, काय बंद पडलं, कुठे चुकीचा पासवर्ड टाकला गेला. पण त्या नोंदी घ्यायला पलीकडे कुणीच नव्हतं. त्या गोळा करून एका फाइलमध्ये लिहिणारा छोटासा प्रोग्राम सी भाषेत लिहायचं काम माझ्याकडे आलं.

दोन दिवसांत लिहून झाला. चाचणीसाठी मी त्याला ५५१४ हा पोर्ट दिला होता. उत्तम चालला. मग खरा पोर्ट दिला, ५१४, कारण ती जुनी उपकरणं दुसरीकडे कुठे पाठवायला तयारच नव्हती. प्रोग्राम सुरू होताक्षणी मेला. स्क्रीनवर दोनच शब्द : परमिशन डिनाइड.

तो एक आकडा सोडला तर प्रोग्राममध्ये मी काहीच बदललं नव्हतं. ५५१४ला हो आणि ५१४ला नाही, हे काय गौडबंगाल?

आमच्या सिस्टिम ॲडमिनना सगळे काका म्हणायचे. ते हसले. म्हणाले, "रूट लागेल त्याला. हजार चोवीसच्या खालची दारं सगळ्यांसाठी नसतात." मग त्यांनी मला त्या सर्व्हरवर सुडोचा अधिकार दिला. म्हणजे हव्या त्या वेळी, हवं ते काम, मशीनचा मालक असल्यासारखं करण्याची मुभा. "आजच्या दिवसापुरता देतोय हं," असंही म्हणाले.

तो दिवस पुढे अडीच वर्षं चालला.

हजार चोवीस दारं

ज्यांनी कधी कोड लिहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला ६५,५३६ दारं असतात असं समजा. शून्यापासून ६५,५३५पर्यंत. त्यांना पोर्ट म्हणतात. तुम्ही आत्ता हे मोबाइलवर वाचताय, तर तुमच्या फोनने बहुधा कुठल्यातरी सर्व्हरचं ४४३ क्रमांकाचं दार ठोठावलं असेल. मेलची ने-आण करणारे सर्व्हर २५ क्रमांकाच्या दारावर भेटतात. दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे काम करायचं तर दार २२.

सीमध्ये असं दार उघडायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी सॉकेट तयार करायचं. मग 'बाइंड' हे फंक्शन वापरून त्या सॉकेटला एक दार जोडायचं. मग येणाऱ्यांची वाट बघायची. युनिक्सच्या घराण्यातली मशीनं बाइंडच्या पायरीवर एक प्रश्न विचारतात : दाराचा क्रमांक १०२४पेक्षा कमी आहे का? असेल, तर मागणारा रूट आहे का? रूट म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी. नसेल, तर चालू लाग.

ही प्रथा आली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून. तिथल्या लोकांनी युनिक्सची आपली आवृत्ती बनवली होती. १९८३ साली आलेल्या ४.२बीएसडीमध्ये सॉकेट होते आणि एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर थेट शिरण्याची 'आरलॉगिन' नावाची सोयही होती. ती सोय अशी, की दोन मशीनचा एकमेकींवर भरवसा असेल तर पासवर्डसुद्धा विचारायचा नाही. पलीकडचं मशीन म्हणतंय ना, की हा अमुक माणूस आहे, मग असेल.

पण पलीकडून खोटं बोललं गेलं तर? त्यावर तोडगा म्हणजे हा आकडा. बोलणारा १०२४च्या खालच्या दारातून आला असेल, तर त्याला तिथल्या रूटने परवानगी दिलेली असणार. आणि रूट म्हणजे तिथला ॲडमिन, जबाबदार माणूस. थोडक्यात, दाराचा क्रमांक ही त्या माणसाची ओळखचिठ्ठी होती.

जेव्हा विद्यापीठात मोजकी मशीनं होती आणि ॲडमिन एकमेकांना नावानिशी ओळखत होते, तेव्हा हे चाललं. पुढे प्रत्येकाच्या टेबलावर आपापलं मशीन आलं आणि प्रत्येकजण आपल्या मशीनचा रूट झाला. मग 'रूटने परवानगी दिली' याचा अर्थ 'मीच मला परवानगी दिली' एवढाच उरला. चिठ्ठीची किंमत गेली. आज पलीकडच्या मशीनची ओळख पटवायची तर आकड्यांवर विसंबत नाहीत, कूटलेखनाच्या किल्ल्या वापरतात.

नियम मात्र राहिला. आणि त्यातून एक विचित्र गोष्ट घडली. वेब सर्व्हरला एक दार उघडायचंय, ८० क्रमांकाचं. बाकी त्याला काही नको. पण ते दार उघडायला रूट व्हावं लागतं आणि रूट म्हणजे फक्त दार नव्हे. रूट म्हणजे सगळ्यांच्या फाइली, सगळ्यांच्या नोंदी, सगळ्यांच्या किल्ल्या. सोसायटीचं फाटक उघडायला वॉचमन ठेवावा आणि त्याच्या हातात साठच्या साठ फ्लॅटच्या किल्ल्यांचा जुडगा द्यावा, तसं.

सोडायचं कसं

यावर प्रोग्रामरांनी जी रीत काढली ती मला आजही एखाद्या व्रतासारखी वाटते. प्रोग्राम रूट म्हणून जन्माला येतो. बाइंडची ती एक ओळ पार पाडतो. आणि लगेच, कुणा परक्याचा एकही शब्द ऐकण्याआधी, आपला अधिकार टाकून साधा वापरकर्ता होतो. जोडलेलं दार त्याच्याकडेच राहतं, कारण 'तू कोण' हा प्रश्न फक्त जोडताना विचारला जातो. पुढचं सगळं आयुष्य तो सामान्य माणूस म्हणून काढतो.

'परक्याचा शब्द ऐकण्याआधी' हे महत्त्वाचं. सीमध्ये बाहेरून आलेला मजकूर वाचताना चूक करणं फार सोपं असतं. शंभर अक्षरांची जागा ठेवावी आणि येणाऱ्याने हजार पाठवावीत. अशा एका चुकीतून आलेला माणूस प्रोग्रामच्या अंगात शिरतो, आणि प्रोग्रामकडे जेवढी ताकद असेल तेवढी त्याची होते. प्रोग्राम साधा असेल तर नुकसान थोडं. प्रोग्राम रूट असेल तर घर गेलं.

या विचाराला जुना आधार आहे. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी जी तत्त्वं मांडली त्यातलं एक असं : प्रत्येक प्रोग्रामने आणि प्रत्येक वापरकर्त्याने, काम पुरं होईल एवढाच, कमीत कमी अधिकार घेऊन काम करावं. वाचायला अगदी साधं. आचरणात आणायला गेलं की कळतं, की घेण्यापेक्षा सोडणं कितीतरी अवघड आहे.

पहिली अडचण अशी की युनिक्समध्ये प्रोग्रामची ओळख एक नसते, तीन असतात. एक खरी ओळख, एक आत्ता लागू असलेली आणि एक जपून ठेवलेली. तुम्ही फक्त 'आत्ता लागू असलेली' बदललीत तर बाहेरून साधे दिसता, पण रूटपण खिशात जपलेलं असतं. हवं तेव्हा काढून पुन्हा घालता येतं. याचे रास्त उपयोगही आहेत. पण तुमच्या प्रोग्रामच्या अंगात कुणी शिरला, तर तोही खिशात हात घालू शकतो.

दुसरी अडचण क्रमाची. माणसाची ओळख असते तशी त्याच्या गटांचीही असते. आधी जास्तीचे गट सोडायचे, मग मुख्य गट आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं रूटपण. उलट क्रमाने गेलात, आधी रूटपण सोडलंत, तर गट सोडण्याचा अधिकारच तुमच्याकडे उरत नाही. मशीन म्हणतं, हे करायला रूट लागतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो होतो. सोडण्यासाठीसुद्धा अधिकार हाती असावा लागतो. म्हणजे सोडायचं ते नीट योजून, हातात असतानाच सोडायला हवं.

तिसरी अडचण सगळ्यात वाईट. तुम्ही सोडायला जाता आणि ते सुटत नाही, आणि तुम्हाला कळतही नाही.

याची दोन उदाहरणं प्रसिद्ध आहेत. २००० साली लिनक्सच्या २.२ मालिकेत एक दोष सापडला. मेल पोचवणारा सेंडमेल हा प्रोग्राम रूट म्हणून सुरू व्हायचा आणि मग 'सेटयूआयडी' हे फंक्शन वापरून अधिकार सोडायचा. त्या दोषामुळे कुणी खोडसाळपणे तशी परिस्थिती निर्माण केली, की सेटयूआयडी 'झालं' असं सांगायचं, पण जपून ठेवलेलं रूटपण तसंच राहायचं. सेंडमेलला वाटायचं आपण साधे झालो.

दुसरं उदाहरण तुमच्या हातातल्या फोनच्या पूर्वजांचं. २०१०च्या सुमारास अँड्रॉइडचे २.२पर्यंतचे फोन रूट करण्याची एक युक्ती फिरत होती. फोन आणि संगणक यांच्यात निरोप पोचवणारा एक प्रोग्राम फोनमध्ये रूट म्हणून सुरू व्हायचा आणि मग सेटयूआयडी वापरून साधा व्हायचा. पण एका वापरकर्त्याला किती प्रोसेस चालवता येतील याला मर्यादा होती. ती मर्यादा मुद्दाम काठोकाठ भरली, की त्या वापरकर्त्याच्या नावाने आणखी एक प्रोसेस होणं शक्य नसायचं आणि सेटयूआयडी 'नाही जमलं' असं उत्तर द्यायचं. प्रोग्रामने ते उत्तर वाचलंच नाही. सोडलं असं गृहीत धरून तो पुढे निघाला. आणि रूटच राहिला.

म्हणून जाणते प्रोग्रामर एक जास्तीची पायरी लिहितात. अधिकार सोडून झाला, की प्रोग्राम स्वतःच पुन्हा रूट व्हायचा प्रयत्न करतो. तो प्रयत्न फसला तर सगळं ठीक. यशस्वी झाला, तर प्रोग्राम तिथेच स्वतःला बंद करतो. सोडलंय अशी माझी समजूत आहे, यावर माझा विश्वास नाही. मला नकार मिळतोय का ते मी बघतो. अशी ती पायरी.

काकांनी माझ्याकडून हे सगळं नीट लिहून घेतलं. माझा प्रोग्राम रूट म्हणून उठायचा, ५१४ जोडायचा, गट सोडायचा, रूटपण सोडायचं, परत मागून बघायचा, नकार घ्यायचा आणि मग कामाला लागायचा. या सगळ्याला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नसे. पुढे त्या सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदीही त्यातच येऊ लागल्या. कुणी सुडो वापरला तर त्याचीसुद्धा एक ओळ.

प्रोग्रामने अधिकार सोडला. मी सोडला नाही.

एप्रिल

सोडला नाही यात तेव्हा काही वाईट हेतू नव्हता, हे मी खरं सांगतो. आधी वाटलं, उद्या काही अडलं तर? मग अडलंही एक-दोनदा, आणि माझ्याकडे अधिकार असल्यामुळे पटकन सुटलं. मग ती सवय झाली. मग ते माझं काहीतरी झालं. नव्या मुलांना मी म्हणायचो, "थांब, मी करून देतो." ते म्हणताना बरं वाटायचं. काकाही विसरले होते, किंवा त्यांना माझी सोय होत होती.

छोट्या कंपनीत एकच मशीन दहा कामं करतं. आमच्या त्या सर्व्हरवर सगळ्यांच्या होम फोल्डरचा बॅकअप असायचा आणि एचआरच्या फायलीही. दोन वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो. तिसऱ्या एप्रिलमध्ये, पगारवाढीच्या आठवड्यात, रात्री ऑफिसात एकटा असताना, मी एचआरच्या फोल्डरमध्ये गेलो आणि एक शीट उघडली.

मला फक्त माझा आकडा बघायचा होता. पण आकडे एकाखाली एक असतात. माझ्या वरच्या ओळीत माझी सहकारी होती. आम्ही एकाच महिन्यात लागलो होतो, एकाच टेबलावर बसायचो, आणि माझ्या कोडमधल्या निम्म्या चुका तिने पकडलेल्या होत्या. तिचा पगार माझ्यापेक्षा सरळसरळ कमी होता. वाढीनंतरही कमीच राहणार होता.

मी शीट बंद केली. मग आठवलं, सुडो वापरल्याची ओळ माझ्याच प्रोग्रामने माझ्याच फाइलमध्ये लिहून ठेवली असेल. होतीच. मी ती खोडली. त्यालाही सुडोच लागला, म्हणून त्या सुडोची ओळही खोडावी लागली.

पुढचे पाच महिने माझ्याजवळ एक खरी गोष्ट होती, जी तिला कळायला हवी होती. आणि मला ती सांगता येत नव्हती, कारण पहिला प्रश्न 'तुला कसं कळलं' हाच आला असता. तिची मॅनेजरबरोबरची बैठक झाली, ती जे मिळालं त्यावर सही करून आली. मी शेजारीच बसलो होतो. सप्टेंबरमध्ये तिने दुसरीकडे नोकरी घेतली.

शेवटच्या दिवशी ऑफिसखालच्या टपरीवर चहा घेताना मी तिला सगळं सांगितलं. शीट, आकडे, रात्र. खोडलेली ओळसुद्धा.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पगाराचा अंदाज होता मला. पण एप्रिलमध्ये बोलला असतास तर मी भांडले असते."

मी मान खाली घातली.

मग तिने विचारलं, "माझ्या होम फोल्डरमध्येही गेला होतास?"

"नाही," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. मी कधीच गेलो नव्हतो.

"हे मी कशावरून मानू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एरवी मी म्हटलं असतं, लॉग बघ. पण लॉग लिहिणारा प्रोग्राम माझा, लॉग खोडायची ताकद माझी, आणि मी एकदा तो खोडलेलाही होता. त्या फाइलमध्ये तिच्या फोल्डरचं नाव कुठेच नव्हतं, आणि त्याला काडीचाही अर्थ नव्हता.

किल्ली घरात असली की

आमच्या शेजारचे लोक सुट्टीला गावी गेले की घराची किल्ली आमच्याकडे असायची. झाडांना पाणी, मांजराला दूध. ते परत आले, की त्याच संध्याकाळी आई किल्ली देऊन यायची. ते म्हणायचे, राहू द्या हो तुमच्याकडे, पुन्हा लागेलच. आई ऐकायची नाही. घरी येऊन म्हणायची, "किल्ली आपल्या घरात असली, की त्यांची हरवलेली प्रत्येक वस्तू आपल्या दारात येऊन बसते."

लहानपणी मला हा आईचा संशयी स्वभाव वाटायचा. टपरीवर त्या दिवशी मला तिचं म्हणणं कळलं.

अधिकाराबद्दल आपण साधारणपणे असं बोलतो : वाईट माणसाच्या हाती गेला तर वाईट, चांगल्याच्या हाती गेला तर चांगला. म्हणून माणूस पारखून द्यावा. यात एक गोष्ट सुटते. चांगल्या माणसाने तो अधिकार वापरलाच नाही, तरी त्याने वापरला नाही हे तो दाखवू शकत नाही. ज्याला सगळं करता येतं, त्याच्या 'मी नाही केलं'ला पुरावा नसतो. त्याच्याकडे फक्त त्याचा शब्द असतो, आणि शब्द तर अपराध्याकडेही असतो.

म्हणून अधिकार सोडणं हा त्याग आहे असं मला आता वाटत नाही. त्यागात आपण काहीतरी गमावतो. इथे आपण काहीतरी मिळवतो : आपल्यावर विश्वास ठेवता येण्याची शक्यता. माझ्या प्रोग्रामबद्दल कुणीही विचारलं असतं, की याने एचआरचं फोल्डर वाचलं का, तर उत्तर सोपं होतं. ज्या क्षणी त्याने परक्याचं ऐकायला सुरुवात केली त्या क्षणापासून त्याला ते वाचताच येत नव्हतं. त्याच्या चारित्र्याचा प्रश्नच नव्हता. माझ्याबद्दल मात्र माझं चारित्र्य हा एकच पुरावा होता, आणि तो मी एप्रिलमध्ये वापरून संपवला होता.

रामायणातला भरत मला या बाबतीत फार हुशार वाटतो. 'मी राज्य रामाच्या वतीने सांभाळतोय' असं म्हणून तो सिंहासनावर बसू शकला असता. मनातून प्रामाणिक राहिलाही असता. पण चौदा वर्षांनी ते कुणाला कसं कळणार होतं? त्याने पादुका सिंहासनावर ठेवल्या आणि स्वतः नंदिग्रामात राहिला. गादी रिकामी आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी व्यवस्था केली. त्याच्या मनात काय आहे हे कुणाला ओळखत बसावं लागलं नाही.

यावर कुणी म्हणेल, तू शीट उघडली नसतीस तर तिच्यावरचा अन्याय कुणालाच कळला नसता. मग तो अधिकार हाती राहिला हे एका अर्थी बरंच झालं की. मी या प्रश्नाशी बरेच दिवस झगडलो. पण मी ते सत्य घेऊन केलं काय? पाच महिने तोंड मिटून बसलो. चोरून ठेवलेल्या अधिकारातून हाती आलेलं सत्य मुकं असतं. ते बोलायचं तर आधी स्वतःची चोरी बोलावी लागते. जो ही किंमत पहिल्याच दिवशी मोजायला तयार असेल, त्याची गोष्ट वेगळी. मी तयार नव्हतो, आणि किंमत तिने मोजली.

आणखी एक म्हणणं असू शकतं : मुळात इतका अधिकार द्यायचाच कशाला? हे म्हणणं बरोबर आहे, आणि संगणकाच्या जगाने ते बऱ्यापैकी मानलंय. १९९९ साली आलेल्या लिनक्स २.२मध्ये रूटच्या जुडग्यातल्या किल्ल्या सुट्या करायला सुरुवात झाली. त्यातली एक किल्ली फक्त १०२४च्या खालची दारं उघडते, बाकी काही नाही. २०१७ साली आलेल्या ४.११मध्ये तर ही १०२४ची सीमारेषाच खाली सरकवायची सोय झाली. हवी तर शून्यावर आणा, मग कुठल्याच दाराला रूट लागणार नाही. दुसरी रीत अशी, की दार तिसराच कुणीतरी उघडतो आणि उघडलेलं दार तुमच्या हाती देतो. तुम्ही रूट होतच नाही. जुना आयनेटडी आणि आजचा सिस्टमडी हे करतात. एनजिनेक्ससारखा वेब सर्व्हर कामाची विभागणी करतो. मुख्य प्रोसेस रूट राहते पण परक्यांशी बोलत नाही, आणि परक्यांशी बोलणारे कामकरी प्रोसेस रूट नसतात.

या सगळ्या चांगल्या व्यवस्था आहेत. आज मला तो प्रोग्राम लिहायचा असता तर मी त्याला रूट होऊच दिलं नसतं. पण नीट बघितलं तर प्रत्येक व्यवस्थेत कुठेतरी कुणीतरी तो पूर्ण जुडगा धरून बसलेला असतोच. किल्ल्या सुट्या करणारा कुणीतरी. सीमारेषा सरकवणारा कुणीतरी. तो प्रोग्राम असतो किंवा काकांसारखा माणूस असतो. घरात, सोसायटीच्या कमिटीत, व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनपदावर, कुणाचा तरी फोनचा पासवर्ड माहीत असलेल्या नात्यातसुद्धा असा कुणीतरी असतो. कधीतरी तो आपण असतो. तेव्हा सोडण्याचा प्रश्न टळत नाही.

सोमवार

ती गेल्यानंतरच्या सोमवारी मी काकांकडे गेलो. म्हणालो, "काका, त्या सर्व्हरवरचा माझा सुडो काढून टाका."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "का रे? काय झालं?"

मी एप्रिलचं सांगितलं. सगळं. मला वाटलं ते चिडतील, वरपर्यंत नेतील. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चूक माझीपण आहे. दिवसापुरता दिला होता मी." आणि थोड्या वेळाने, नेहमीच्या सवयीने, "पण आता एवढं बोललास ना. राहू दे की. लागेल कधीतरी."

मला आमचे शेजारी आठवले. किल्ली ठेवून घेणाऱ्यापेक्षा 'राहू दे' म्हणणाऱ्यांची संख्या नेहमी जास्त असते. ते प्रेमाने म्हणतात, विश्वासाने म्हणतात, आणि आपल्यालाही ते ऐकायला आवडतं. अडीच वर्षं मला ते न बोलताच ऐकू येत होतं.

"नको," मी म्हणालो. "आत्ता काढा. मी थांबतो."

त्यांनी काढला. दोन मिनिटांचं काम होतं. वर कोणाशी काय बोलायचं ते मग आम्ही दोघं मिळून बोललो, आणि त्याचे जे परिणाम व्हायचे ते माझ्यावर झाले. ते इथे सांगण्यासारखे नाहीत. तिला मी मेल करून एवढंच कळवलं की अधिकार काढून घ्यायला सांगितलाय. उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. एप्रिलआधी मी तिच्या फोल्डरमध्ये गेलो नव्हतो हे तिला कधीच कळणार नाही, आणि माझा तो खरा शब्द आता माझ्याजवळच पडून राहणार आहे.

त्या सोमवारी मी जागेवर परत आलो आणि सवयीप्रमाणे सर्व्हरवर लॉगइन केलं. मग माझ्याच प्रोग्राममधली ती जास्तीची पायरी आठवली. मी सुडो टाइप केलं आणि एचआरच्या फोल्डरचं नाव लिहिलं. मशीनने पासवर्ड विचारला. मी दिला.

तुमचं नाव यादीत नाही, असं उत्तर आलं. या घटनेची नोंद घेतली जाईल, असंही.

नोंद घेतली गेली. माझ्या प्रोग्रामने ती नेहमीसारखी फाइलमध्ये लिहिली : वेळ, माझं नाव, काय मागितलं, नकार. ती ओळ अजून तिथे असेल. ती मला खोडता येत नव्हती.